शिंग एकटं येणार नाही

आर्डवान,
मंगळवार, १७ जून १९५८

प्रिय रुअरी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा तू, मार्था आणि मुली खुशाल असाल असं धरून चालते. इकडे गुडघा सोडला तर माझं सगळं ठीक आहे. ब्लारगला कालवड झाली. आईसारखीच पांढऱ्या तोंडाची आणि तितकीच हट्टी. जळणाचं पीट कापून वाळत घातलंय. बटाटे वर आलेत. पाद्रीबाबांचं प्रवचन पूर्वीसारखंच लांब असतं आणि त्यांचा कुत्रा पूर्वीसारखाच त्यात झोपतो.

तू कॅनडाहून पाठवलेला तुझ्या बोटीचा फोटो मी चुलीवरच्या फळीवर ठेवलाय. लाखलन म्हातारा तो बघून म्हणाला, "एवढं मोठं जहाज एवढीशी बोट ओढते?" मी म्हटलं, "आमच्या घरात तीच पद्धत आहे."

आता बातमी. ती तुला बेटावरचं कुणीतरी तिखटमीठ लावून कळवेलच, म्हणून मीच लिहिते. तिच्यात टॉरकिलचं नाव येणार आहे. पत्र फाडू नकोस. चहा कर, बस आणि मग पुढे वाच.

शाळेत यंदा नव्या मास्तरीणबाई आल्यात, इन्व्हरनेसच्या. जुन्या गाण्यांचा त्यांना भारी नाद. फॅरखर ब्रेकची गाणी त्यांना आपल्याहून जास्त पाठ आहेत. त्याचा जन्म आपल्या आर्डवानचा, टेकडीखालच्या त्या पडक्या भिंती त्याच्याच घराच्या, हे कळल्यावर त्यांनी तिथे त्याच्या नावाचा दगड बसवायचा घाट घातला. बाई बाहेरच्या, त्यामुळे लाखलनने त्यांना सगळी कथा पहिल्यापासून सांगितली. देवीचे वण तोंडावर घेऊन वाढलेलं पोरकं पोर, थोरल्या बहिणीने आर्डवानला वाढवलं. मग ते लाल डगल्यांच्या पलटणीत गेलं, फ्रेंचांशी लढायला अमेरिकेच्या जंगलात पोचलं, तिथे गाणी रचली आणि बंदुकीची दारू ठेवायच्या शिंगावर चाकूने अख्खी मोहीम कोरली. परत आलं आणि लग्न कुठे केलं, तर खाडीपलीकडे, कूलसमध्ये. राहायलाही तिकडेच गेलं. शिंगही घेऊन गेलं.

"पोरगा आमचा, गाणी आमची," लाखलन म्हणाला, "आणि शिंग दोनशे वर्षं त्यांच्या भिंतीवर."

बाई म्हणाल्या, "पण त्याची मुलगी तिथलीच ना? मग शिंग तिच्या वंशात जायचंच."

लाखलन पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्याशी बोलला नाही.

पण बाई चिवट. त्या स्वतः पुळण ओलांडून कूलसला गेल्या आणि त्याच वंशातल्या टॉरकिलला म्हणाल्या, दगड बसवायच्या दिवशी शिंग घेऊन आर्डवानला ये. आणि रुअरी, तो हो म्हणाला. जहाजावरची नोकरी संपवून तो परत आलाय, आईबाप गेल्यापासून त्या घरात एकटाच असतो. त्याचा बाप असता तर बाईंना दारातूनच परत पाठवलं असतं.

परवाच्या शनिवारी दुपारी दगड बसला, आणि संध्याकाळी शाळेतल्या गाण्यांसाठी शिंग येणार म्हणून सगळं गाव किनाऱ्यावर उभं होतं. ओहोटीला पुळण उघडी पडते तेव्हा तो चालत आला असता तर काही बिघडलं नसतं. पण कूलसचा माणूस आर्डवानच्या कार्यक्रमाला चिखलाच्या पायांनी कसा येणार? तो भरतीला आला, होडीतून, शीड लावून, नवा कोट घालून, शिंग गळ्यात अडकवून. लाखलन म्हणाला, "आले महाराज." आणि तेवढ्यात टेकडीवरून वारा उतरला. शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला गेलं आणि होडी पालथी.

आधी कुणी कुणी हसलं, खोटं कशाला सांगू. पाणी छातीइतकंच होतं तिथे. तो उठला, पण किनाऱ्याकडे येईना. उलटा वळून पाण्यात बुडी मारायचा, वर यायचा, परत बुडी. तेव्हा हसणं थांबलं. शेवटी आपल्या गावच्या दोघांनी जाऊन त्याला काखेत धरून ओढून आणलं. त्याच्या मुठीत शिंगाचा चामडी पट्टा होता. शिंग नव्हतं.

तसाच निथळत तो शाळेत आला. सगळ्यांसमोर उभा राहून म्हणाला, "शिंग गेलं. माझ्या हातून गेलं. तुमचंही होतं ते."

रुअरी, तीस वर्षं आपण कूलसवाल्यांच्या तोंडून हेच ऐकायला तडफडत होतो. आणि ऐकल्यावर कुणालाच आनंद झाला नाही. लाखलन उठला, शेगडीजवळची स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाला, "बस. पाणी गळतंय तुझं."

शाळेला जवळचं घर आपलं. कोरडे कपडे हवे होते. लाखलनची विजार त्याला गुडघ्यापर्यंत आली असती. म्हणून पेटीतली तुझी तपकिरी विजार दिली. हे तुला सांगावं की नाही यावर मी पुष्कळ विचार केला.

मग गाणी झाली. शिंग नाही तर नाही. फॅरखरचं ते, अमेरिकेतलं, सगळ्यांनी म्हटलं: हजार झाडांच्या सावलीत बसलोय, पण पाय भाजायला एक उघडी पुळण मिळेना. टॉरकिलही गायला. तुझ्या विजारीत. त्याचा आवाज चांगला आहे, हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं.

रविवार देवाचा, तेव्हा शोधायचा प्रश्नच नव्हता. काल दोन्ही गावांच्या होड्या हिंडल्या. लोक म्हणतात, शिंग ओहोटीबरोबर जिथून आलं तिथे, अमेरिकेला परत गेलं. लोक काय म्हणतात ते मी लिहितेय.

एक विचारते. तू गेलास तेव्हा धक्क्यावर म्हणाला होतास, ते शिंग आर्डवानला येईपर्यंत मी या बेटावर पाय ठेवणार नाही. समजा, ते तुझ्या हातात आलं असतं, तर तू काय केलं असतंस? उगाच विचारतेय. पण उत्तर पाठव.

मार्थाला आणि मुलींना माझं प्रेम. ब्लारगकडून काही नाही, ती कुणालाच काही देत नाही.

तुझी थोरली बहीण,
शोनाग


आर्डवान,
मंगळवार, २९ जुलै १९५८

प्रिय रुअरी,

तुझं उत्तर आलं. त्यात शिंगाबद्दल एक वाक्य आणि विजारीबद्दल चार. होय, तीच, पितळी बटणांची. नाही, फाटलेली नाही.

शिंगाबद्दल तू लिहिलंस, "माझ्या हातात आलं असतं तर परत दिलं नसतं, हे तुला माहीत आहे." मला माहीतच होतं. तुझं उत्तर पोचायच्या आत मी जे करायचं ते करून बसलेही होते. मग विचारलं कशाला म्हणशील. विचारलं की बरं वाटतं.

आता नीट बसून वाच.

त्या रविवारी चर्चमधून मी एकटीच किनाऱ्याने परत येत होते. गुडघ्यामुळे चढावाची वाट नको वाटते. वाटेत समुद्रगवताचा ढीग लागलेला होता आणि त्यात ते पडलं होतं. मधाच्या रंगाचं, ओलं, उन्हात चमकत. दोन्ही तोंडं लाकडी बुचांनी घट्ट बंद, म्हणून बुडालंच नव्हतं. बंदुकीची दारू कोरडी ठेवणारं शिंग, त्याला आपली खाडी काय करणार.

रविवारी किनाऱ्यावरची काडीसुद्धा उचलू नये, हे आईने आपल्याला कितीदा बजावलं होतं. मी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि कोटाच्या आत घातलं. तेवढ्यात लाखलन मागून आला.

"शोनाग, कोटाखाली काय आहे?"

"बायबल."

"दोन्ही बाजूंना?"

"इकडे जुना करार, तिकडे नवा," मी म्हटलं आणि चालू लागले. म्हातारा दारापर्यंत माझ्याबरोबर आला. मला वाटतं, त्याला तेव्हाच कळलं असावं.

घरी येऊन मी ते पिठाच्या पेटीत पुरलं. खरं सांगते, तेव्हा मला एकच गोष्ट सुचली. शिंग आर्डवानला आलं. समुद्राने आणून दिलं, आपण चोरलं नाही. आता रुअरीला कळवायचं आणि तो येणार. दुसरा विचारच नव्हता. मागचं पत्र लिहिताना ते माझ्यापासून हातभर अंतरावर होतं आणि मी तुला विजारीच्या गोष्टी सांगत होते.

पण रोज खिडकीतून टॉरकिल दिसायचा. पुळण उघडी पडली की तो यायचा, वाकून वाकून प्रत्येक डबकं पाहायचा, गवत उचकायचा, आणि पाणी चढायला लागलं की परत जायचा. इतरांनी शोधणं सोडलं, त्याने सोडलं नाही. मी बटाटे सोलत बघत बसायचे. मग सोललेले बटाटे मला एकटीला खाववेनासे झाले.

दुपारी दार लावून मी शिंग काढायचे आणि पुसत बसायचे. रुअरी, किती सुंदर आहे ते. जहाज आहे, हरीण आहे, जंगलातली नदी आणि किल्ले आहेत. एका कडेला फॅरखरने स्वतःला कोरलंय, आणि तोंडावर टोचून टोचून वण काढलेत, म्हणजे ओळखण्यात चूक नको. खाली अक्षरं आहेत: माझ्यातली दारू कोरडी, माझ्या धन्याच्या गळ्यातली ओली. एकटी असून मी मोठ्याने हसले. हलवलं की आत खुळखुळायचं. बूच काढून पाहिलं तर कोबीचं बी. टॉरकिलच्या आईने ठेवलेलं असणार. एक दाणा भिजला नव्हता.

मागच्या बाजूला तीन खुणा आहेत आणि त्यांना वळसा घालून जाणारी एक ठिपक्यांची रेघ. दोन्ही टोकांना एक एक घर. मी ते तिरकं करून खिडकीपाशी नेलं आणि बाहेर बघितलं. बाहेर पुळण उघडी होती आणि पुळणीत आपले तीन खडक उभे होते, म्हातारी आणि तिच्या दोन मेंढ्या. शिंगावर तेच होते. रेघ म्हणजे आपली ओहोटीची वाट. त्या जंगलात बसून त्या माणसाने ही वाट कोरली होती, आर्डवानच्या दारापासून कूलसच्या दारापर्यंत. म्हणजे पलटणीत जायच्या आधीपासूनच तो तिकडे जात होता. त्या मुलीसाठी.

ते पाहिल्यावर मला ते पिठात परत ठेवता येईना. सांगून समजावता येणार नाही मला, पण ठेवता येईना. मी शालीत गुंडाळलं आणि पुळण ओलांडून कूलसला निघाले.

टॉरकिल मासे साफ करत होता. मला दारात बघून त्याला वाटलं, विजार मागायला आले.

"धुऊन ठेवलीय," तो म्हणाला. "इस्त्री राहिलीय."

मी शिंग टेबलावर ठेवलं. त्याने आधी सुरी खाली ठेवली, मग हात धुतले, मग पुसले, मग परत धुतले, आणि तरी हात लावायला पुढे येईना.

"कधी सापडलं?"

"विचारू नकोस."

"ठेवून का नाही घेतलंस? कुणाला कळलं नसतं."

"म्हणूनच. भिंतीवर टांगता आलं नसतं. पिठाच्या पेटीत ठेवायला माझ्याकडे पीठ आहे."

त्याने माशांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाला, "समुद्राने ते तुमच्याकडे नेलं. तिकडेच असू दे." मी म्हटलं, नको. तो म्हणाला, घे. मी त्याच्याकडे ढकललं, त्याने माझ्याकडे. दोन पिढ्या ज्याच्यासाठी आपली डोकी फुटली ते शिंग त्या टेबलावर मासळीच्या खवल्यांमधून इकडून तिकडे सरकत होतं, आणि शेवटी आम्ही दोघंही हसायला लागलो.

मग मी त्याला तीन खडक दाखवले. त्याने डोक्याला हात लावला.

"हे फ्रेंचांचे किल्ले आहेत," तो म्हणाला. "माझा बाप पाहुण्यांना त्यांची नावं सांगायचा. मधल्यावर तर त्याने तोफा चढवल्या होत्या."

"मधली मेंढी आहे."

"तोफा लावलेली मेंढी," तो म्हणाला, आणि डोळे पुसले. हसून की कशाने, मी विचारलं नाही.

खात्री करायला आम्ही शिंग घेऊन पुळणीत उतरलो. खडकांपाशी उभं राहून ते फिरवलं, पुन्हा फिरवलं. जुळत होतं, प्रत्येक वळण. तो एका मेंढीजवळ उभा, मी दुसरीजवळ, आणि आमच्या मधून फॅरखरची वाट गेलेली. मी त्याच्या नाकाकडे बघत होते. तीस वर्षांपूर्वी त्या लग्नात मारलेल्या तुझ्या बुक्कीने ते डावीकडे वळलंय, अजून तसंच आहे. मी म्हटलं, "त्या लग्नात तू आमच्या बाकाकडे आलास कशाला? रुअरी शिंगावरून आधीच पेटलेला होता. तुला दिसत नव्हतं?"

"रुअरीकडे कोण येत होतं? मी तुला नाचायला विचारायला येत होतो."

मी मेंढीवरचं शेवाळ नखाने खरवडायला लागले.

"त्याला वाटलं, मी खिजवायला आलोय. मी तोंड उघडलं आणि त्याने ते बंद केलं. मग तू त्याला घेऊन निघून गेलीस. मग तो कॅनडाला गेला आणि सगळं बेट म्हणालं, शिंगावरून भांडले. मग मीही म्हणायला लागलो, शिंगावरून. नाचावरून मार खाल्ला म्हणण्यापेक्षा ते बरं दिसतं."

पाणी खाडीच्या तोंडातून आत यायला लागलं होतं. मी म्हटलं, "निघायला हवं."

"आता विचारतो," तो म्हणाला.

"नाचायला? इथे? पाणी येतंय."

"नाचायला नाही. पाणी येतंय म्हणून लवकर सांग."

"आधी पाय उचल," मी म्हटलं.

आम्ही आर्डवानच्या बाजूला पळालो, माझ्या गुडघ्याने पळता येईल तितकं. घोट्यापर्यंत भिजलो. कोरड्यावर आल्यावर दम खात मी वळून हो म्हटलं. किनाऱ्यावर लाखलन जाळं विणत बसला होता. त्याने मान वर केली, टॉरकिलच्या हातातलं शिंग पाहिलं, माझे ओले बूट पाहिले, आणि म्हणाला, "दोन्ही करार एकत्र आले म्हणायचे."

तर रुअरी, ही बातमी. मी टॉरकिलशी लग्न करतेय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कणसं आत आली की. छप्पन्नाव्या वर्षी. तुझी परवानगी मागत नाही, मी थोरली आहे. पण तू नाही म्हणालास तर मला रडू येईल, हेही लिहून ठेवते.

त्याचं घर कूलसला, माझं इथे. कुठे राहायचं यावर दोन दिवस घोळ झाला. ब्लारगने तो सोडवला. तिला दोरीने ओढून पुळणीच्या मध्यापर्यंत नेली, तिथे ती बसली आणि उठेना. म्हणून टॉरकिलच आर्डवानला येतोय. त्याच्याबरोबर शिंगही. कूलसवाले चिडले. मग असं ठरलं की दर नवीन वर्षाला ते तिकडे जाईल, आणि आम्ही दोघं वाजतगाजत घेऊन जाऊ. लाखलन म्हणाला, कूलसचा जावई आर्डवानला चालणार नाही, पण शिंगाबरोबर आलाय म्हणून चालवून घेऊ.

तू शिंग आर्डवानला हवं म्हणाला होतास. ते येतंय. एकटं येणार नाही, एवढंच. तू घातलेली अट तुझ्यावरच उलटलीय, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

मार्थाला हे पत्र मोठ्याने वाचून दाखव. ती तुझ्यापेक्षा शहाणी आहे.

तुझ्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
शोनाग


आर्डवान,
गुरुवार, ४ सप्टेंबर १९५८

प्रिय रुअरी,

तार पोचली. "येतोय. मार्थापण. मारणार नाही." पोस्टातल्या पोराने ती मला द्यायच्या आधी तीन घरांत वाचून दाखवली होती. मी दारात आले तेव्हा लाखलन माझ्या अंगणात बसलेला, आणि म्हणाला, "मारणार नाही हे चांगलं केलं. त्या नाकाला आता डावीकडे जागा नाही." टॉरकिलला मी तार दाखवली. त्याने ती खिशात ठेवली आणि परत दिली नाही. तुला सांग म्हणाला, मारायचंच झालं तर या वेळी दुसऱ्या बाजूने मार, सरळ होईल.

इकडची गडबड विचारू नकोस. मास्तरीणबाई पोरांकडून फॅरखरची गाणी पाठ करून घेतायत. कूलसच्या बायका भाकऱ्या करणार, आपल्या बायका स्कोन, ते फुगीर पाव. दोन्हीकडच्या एकमेकींच्या हाताला नावं ठेवतात आणि एकमेकींच्या चुलीपाशी जाऊन चव घेतात. पाद्रीबाबांनी प्रवचन छोटं करायचं कबूल केलंय. त्यांच्या कुत्र्याचा विश्वास बसलेला नाही. मी निळा झगा शिवलाय. टॉरकिलने विचारलं, काळा का नाही? मी म्हटलं, काळा आहे माझ्याकडे, तो पुरेसा वापरून झालाय.

टॉरकिलने शिंग स्वतः गळ्यात घालून आणलं आणि आपल्या खुंटीवर लटकवलं. दुपारचं ऊन त्यातून आरपार जातं आणि खडक भिंतीवर उमटतात. शेजारचे येतात, बघतात, प्रत्येक जण आपापलं घर त्यात शोधतो. लाखलनला त्याचंही सापडलं. तिथे चाकू घसरल्याची खूण आहे, पण मी बोलले नाही.

तुमची बोट सप्टेंबरअखेरच्या मंगळवारी दुपारी येते. टॉरकिल घोडागाडी घेऊन धक्क्यावर येईल. मार्थाला जाड मोजे आणायला सांग. तिला थंडी वाटेल आणि ती सांगणार नाही. तुला म्हणून एक सूचना: गावात सगळे म्हणतील, तू म्हातारा झालास. ऐकून घे. मीही म्हणणार आहे.

आता एक गोष्ट, जी मी इतक्या वर्षांत तुला लिहिली नाही. तूही विचारली नाहीस.

तू गाडीतून उतरलास की घरात यायच्या आधी कबरस्तानाकडे वळशील, मला माहीत आहे. आई गेली तेव्हा तू तार पाठवलीस, आला नाहीस. मी तुझ्यावर रागावले होते. म्हणून त्याबद्दल कधी लिहिलं नाही, गाय, बटाटे, पाऊस लिहीत राहिले. त्या कबरीपाशी तू मनात काय काय बोलशील, तेही मला ठाऊक आहे. तर जायच्या आधी हे वाचून जा.

आई तुझ्यावर रागावली नव्हती. एक दिवससुद्धा नाही. शेवटच्या हिवाळ्यात तिचं मन मागे गेलं होतं. तिला वाटायचं, तू अजून शाळेत आहेस. दुपार कलली की खिडकीशी बसायची, आणि चेहरा इतका आनंदी असायचा की बघवायचं नाही. "रुअरी येतोय का गं?" विचारायची. मी म्हणायचे, "येतोय, आई. पुळणीपर्यंत आलाय." तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं, आणि ती तुझ्यासाठी मला दूध तापवायला लावायची. मी तापवायचे. मग आम्ही दोघी ते प्यायचो.

मी रोज तिच्याशी खोटं बोलत होते आणि त्याचं ओझं मला नऊ वर्षं होतं. काल, टॉरकिलच्या खिशात जायच्या आधी, तुझी तार घेऊन मी वर गेले, तिच्या दगडापाशी. मोठ्याने वाचली. "मारणार नाही" हेसुद्धा वाचलं, तिला समजावून सांगावं लागलं असतं म्हणून टॉरकिलचंही सांगितलं. आणि मग म्हटलं, आई, येतोय. खरंच येतोय.

म्हणून तिथे माफी मागत उभा राहू नकोस. वारा असतो वर, टोपी धर, तिला मार्था दाखव आणि लवकर खाली ये. जेवण गार होईल.

मंगळवारी धक्क्यावर उभी असलेली,
तुझी बहीण,
शोनाग